सुका मेवा आणि मसाल्यांची बिस्कोटी, इंदूरच्या घरातल्या ओटीजीत

बिस्कोटी, म्हणजे दोनदा भाजलेलं कडक इटालियन बिस्किट, बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. हा पदार्थ दोनदा भाजतात तो त्यातलं पाणी काढून टाकण्यासाठी, आणि आपण मात्र त्यात अंजीर, जर्दाळू, मनुका असे ओलावा धरून बसणारे जिन्नस घालतो. कोरडं पीठ आणि ओलं फळ यांचं हे भांडण सांभाळता आलं की बाकीचं काम सोपं आहे. बाफले (बाटीसारखे कणकेचे गोळे) आधी उकळून मग भाजायची सवय असलेल्या इंदूरच्या घरांना दोन टप्प्यांत शिजवणं काही नवं नाही. इथे दोन्ही टप्पे भट्टीतलेच आहेत, एवढाच फरक.

मूळचा प्रकार इटलीतल्या तोस्काना प्रांताचा. तिथल्या प्रातो शहराची बिस्कोटी प्रसिद्ध आहे आणि १८५८ साली सुरू झालेलं तिचं एक दुकान आजही चालू आहे. तिथल्या पारंपरिक कृतीत बदाम, अंडी, साखर आणि मैदा असतो. लोणी किंवा तेल नसतं. त्यामुळे ती दाताला चांगलीच कडक लागते आणि गोड वाइनमध्ये बुडवून खातात. आपल्याकडे ती चहात बुडणार आणि घरातले आजी-आजोबाही खाणार, म्हणून खालच्या प्रमाणात थोडं तूप घेतलं आहे. तुपामुळे ती कुरकुरीत राहते, पण दगड होत नाही.

साहित्य (दोन लोफ, साधारण ३३ ते ४० काप)

मैदा २५० ग्रॅम
साखर १४० ग्रॅम
अंडी २ (फोडल्यावर ९० ते १०० ग्रॅम भरायला हवीत)
साजूक तूप ४० ग्रॅम
बेकिंग पावडर १ छोटा चमचा, सपाट
मीठ पाव छोटा चमचा
अख्खे बदाम ८० ग्रॅम
सुके अंजीर ४० ग्रॅम, जर्दाळू ३० ग्रॅम, काळ्या मनुका २० ग्रॅम
वेलदोडे ८ ते १०, दालचिनी पूड अर्धा छोटा चमचा, सुंठ अर्धा छोटा चमचा, बडीशेप १ छोटा चमचा, जायफळ दोन-चार वेळा किसणीवर घासून, लवंगा २, मिरे ६
एका संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी कीस
लागलंच तर दूध, १ ते २ मोठे चमचे

छोटा चमचा म्हणजे ५ मिली, मोठा १५ मिली. मैदा, साखर आणि मेवा मात्र वजनानंच घ्या. वाटीनं मोजलेला मैदा दाबून भरला की सैल भरला यावर तीस-चाळीस ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि एवढा फरक या पिठाला सोसत नाही.

बाफल्यासाठी दळून आणलेलं जाडं पीठ इथे वापरू नका. त्याची कणी नीट भिजत नाही आणि कापताना लोफ भुसभुशीत होऊन तुटतो. कणीक घालायचीच असेल तर मैद्याच्या पावपट चालेल. अशा वेळी एक चमचा दूध जास्त लागतं. साखरेच्या जागी गूळ घालण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. गूळ हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे बिस्कोटी दुसऱ्या दिवशीच सादळते. चवीसाठी साखरेचा चौथा हिस्सा गूळ घ्या, त्यापुढे जाऊ नका.

मेवा

इंदूरच्या सियागंज बाजारात मेवा किलोवर मिळतो आणि स्वस्त पडतो, पण एका घाण्याला शंभर ग्रॅमही फळ लागत नाही. पाव किलोच्या वर घ्यायचं असेल तर आधी बोटांनी दाबून बघा. अंजीर दाबल्यावर थोडं दबलं पाहिजे आणि आतून वाळूसारखं करकरता कामा नये. चकचकीत केशरी जर्दाळूंना रंग टिकण्यासाठी गंधकाचा धूर दिलेला असतो; तपकिरी जर्दाळू दिसायला बरे नसले तरी भाजल्यावर त्यांची चव जास्त खोल लागते. मऊ, चिकट खजूर टाळा, त्याच्या भोवतीचं पीठ कच्चं राहतं. त्याऐवजी खारीक घ्या, बी काढून बारीक तुकडे करा. टूटीफ्रूटी घालू नये. तिच्यात साखरेचा पाक असतो, तो दुसऱ्या भाजणीत बाहेर येऊन करपतो.

फळ फार सुकं असेल तर दुसऱ्या भाजणीनंतर मनुका अक्षरशः खड्यासारख्या लागतात. फार ओलं असेल तर काप आतून मऊ राहतात. यावर उपाय एकच: मनुका आणि बारीक चिरलेले अंजीर-जर्दाळू कोमट पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात फक्त दहा मिनिटं ठेवा, निथळा आणि सुती फडक्यावर पसरून निदान दोन तास वाळू द्या. हाताला फळ मऊ लागलं पाहिजे, पण बोटाला ओल लागता कामा नये. तुकडे हरभऱ्याच्या डाळीपेक्षा थोडे मोठे, बस. अंजिराचा मोठा तुकडा सुरीखाली आला की सुरी त्याला कापत नाही, ओढते, आणि सबंध काप फाटतो.

बदाम आधी १५० अंशांवर दहा मिनिटं भाजून गार करा. कच्चा बदाम लोफच्या आत भाजला जात नाही, नुसता गरम होतो. तो अख्खाच ठेवा. कापल्यावर दिसणारा बदामाचा आडवा छेद हीच बिस्कोटीची ओळख. अक्रोड चालतात, पण त्यांची साल जरा जास्त भाजली तर कडवटपणा येतो. पिस्त्याचा हिरवा रंग दोन भाजण्यांत बराच उतरतो, त्यामुळे महाग पिस्ते यात घालण्यात अर्थ नाही. चारोळी मात्र या पदार्थासाठीच केल्यासारखी आहे: बारीक असते, सुरीला आडवी येत नाही आणि भाजल्यावर तिचा वास खुलतो. बदाम २० ग्रॅम कमी करून तेवढी चारोळी घालून बघा.

मेवा आणि बदाम मिळून मैद्याच्या वजनाच्या सत्तर टक्क्यांवर जाऊ नये. जास्त मेवा घातला की पीठ त्याला धरून ठेवू शकत नाही. वरच्या प्रमाणात ते आधीच काठावर आहे.

मसाले

केकमध्ये मसाले जेवढे घालतो त्याच्या दीडपट इथे लागतात, कारण वास देणारी तेलं उडून जायची असतात आणि आपण त्यांना दोनदा भट्टीत घालतो. म्हणून विकतची जुनी पूड बाजूला ठेवा आणि मसाला त्याच दिवशी कुटा. वेलदोड्याचे दाणे, लवंगा आणि मिरे चमचाभर साखरेबरोबर कुटले की पूड बारीक होते आणि खलबत्त्याला चिकटत नाही. बडीशेप फक्त भरड ठेवा. लवंगा दोनच, तिसरी घातली तर बाकी कुणाचा आवाज ऐकू येत नाही. दालचिनी म्हणून बाजारात जाड, एकेरी, लाकडासारखी साल मिळते ती खरी म्हणजे तेजसाल. तिची चव तिखट असते, तीही चालते, पण मग प्रमाण थोडं कमी करा. केशर मात्र वाचवा. रंग येईल, वास फारसा उरणार नाही.

तूप मंद आचेवर वितळवून खाली उतरवा, त्यात कुटलेला मसाला, सुंठ आणि दालचिनी घालून पाच मिनिटं तसंच ठेवा. मसाल्यांचा वास तुपात उतरतो आणि मग सगळ्या पिठात सारखा पसरतो. कोरड्या मैद्यात मसाला मिसळला तर कधी एखाद्या घासात मिऱ्याचा ठसका येतो आणि पुढचा घास अगदी सपक.

हिवाळ्यात आगर-मालव्याकडची संत्री बाजारात असतात तेव्हा त्यांचीच साल वापरा. साल कोमट पाण्यानं चोळून धुवा, पुसा आणि फक्त केशरी थर किसा. आतला पांढरा भाग कडू असतो. कीस लगेच साखरेत चोळून ठेवला तर साखर ओलसर आणि सुवासिक होते.

पीठ

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) १७० अंशांवर, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू करून पंधरा मिनिटं तापवा. बटणावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. घरगुती ओटीजीत वीस अंशांची चूक नेहमीची आहे. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतला तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, एवढ्या उंचीसाठी बेकिंग पावडर किंवा वेळ बदलावी लागत नाही.

अंडी फ्रिजमधून तासभर आधी काढा. अंडी आणि साखर हँड मिक्सरनं तीन-चार मिनिटं, नाहीतर तारेच्या फेटणीनं सहा-सात मिनिटं फेटा. रंग फिकट झाला आणि मिश्रण जरा दाट झालं की थांबा. केकसारखं फुगवायचं नाही. मग मसाल्याचं कोमट तूप घाला. तूप गरम असेल तर अंडं फाटतं.

मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ दोनदा चाळून त्यात टाका आणि सपाट चमच्यानं किंवा रबरी स्पॅच्युलानं दुमडत मिसळा. पांढऱ्या मैद्याच्या रेघा थोड्या दिसत असतानाच बदाम, फळं आणि बडीशेप घाला. इथे पोळीच्या कणकेसारखं मळायला हात शिवशिवतात. मळू नका. मैद्यातला चिवटपणा जागा झाला की बिस्कोटी कुरकुरीत होण्याऐवजी कडक होते. पीठ चिकट असणारच. हाताला चिकटतं म्हणून वरून मैदा घालत जाणं ही सगळ्यात नेहमीची चूक. हात पाण्यानं किंचित ओले करा. उलट पीठ सुकं पडून गोळा होत नसेल तर दूध एकेक चमचा घाला.

ट्रेवर बटर पेपर अंथरून पिठाचे दोन भाग करा. प्रत्येकाचा २५ सेंटीमीटर लांब, ६ ते ७ सेंटीमीटर रुंद आणि जेमतेम २ सेंटीमीटर जाड असा चपटा लोफ थापा. दोन्हींमध्ये आठ-दहा सेंटीमीटर जागा सोडा, ते पसरतात. लहान ओटीजीत दोन मावत नसतील तर एक भाजून मग दुसरा. तोवर दुसरा फ्रिजमध्ये ठेवा. वर डोकावणाऱ्या मनुका बोटानं आत ढकला, नाहीतर त्या पहिल्याच भाजणीत कोळसा होतात.

पहिली भाजणी आणि कापणी

मधल्या कप्प्यात २८ ते ३२ मिनिटं. वीस मिनिटांनी ट्रे फिरवा, कारण मागची बाजू जास्त तापते. वरून फिका सोनेरी रंग, एक-दोन भेगा आणि मध्ये दाबल्यावर बोटाचा खळगा राहत नाही, ही खूण. लोफ इथेच पूर्ण शिजला पाहिजे. दुसऱ्या भाजणीत तो फक्त वाळतो. आतलं कच्चं पीठ तेव्हा शिजेल ही आशा फोल आहे. वरून लाल आणि आत ओलं असं होत असेल तर लोफ उंच झाला किंवा उष्णता जास्त झाली. १६० अंशांवर आणा आणि वरून फॉइल घाला.

ट्रे बाहेर काढून लोफ जाळीवर पंधरा ते वीस मिनिटं ठेवा. सगळी बिस्कोटी या वीस मिनिटांवर ठरते. गरमागरम कापली तर आतला भाग अजून बसलेला नसतो आणि काप चुरडतो. पार गार होऊ दिली तर वरचा पापुद्रा कडक होतो, बदामही कडक होतो आणि सुरी त्यावर आपटून काप दोन तुकड्यांत जातो. हाताला कोमट लागेल तेव्हा कापा. कोमट बदाम सुरीखाली मऊ असतो. पापुद्रा तडकतोय असं वाटलं तर फवाऱ्यानं वरून पाणी अगदी हलकं शिंपडा आणि पाच मिनिटं थांबा.

सुरी पावाची, दातेरी आणि लांब. वरचा पापुद्रा करवतीसारखा हलक्या हातानं कापत जा आणि तळाशी पोचल्यावर एकदाच सरळ खाली दाबा. सुरुवातीपासून दाबलं तर खालची बाजू चेपते. जाडी सव्वा ते दीड सेंटीमीटर. तिरका छेद घेतला तर काप लांब होतो आणि कपात बुडवायला सोयीचा पडतो, पण पहिल्यांदा करताना सरळ कापा, मोडतोड कमी होते.

दुसरी भाजणी

ओटीजी १४५ अंशांवर आणा. काप आडवे ठेवून बारा मिनिटं, उलटून आणखी दहा मिनिटं. टोकाचे तुकडे लहान असतात, ते चार-पाच मिनिटं आधी काढा. जाळीचा कप्पा असेल तर काप त्यावर उभे ठेवा, दोन अंगांनी हवा लागते आणि उलटायची गरज नाही. या टप्प्यात उष्णता वाढवून वेळ वाचवायला जाल तर मनुका आणि अंजिरांची साखर करपते, कडू होते आणि मधला भाग ओलाच राहतो.

बाहेर काढताना मध्ये किंचित मऊ लागले तरी घाबरू नका, गार झाल्यावर कडक होतात. ओटीजी बंद करून दार बोटभर उघडं ठेवून काप आतच पंधरा मिनिटं राहू द्या. तासाभरानं एक तुकडा मोडून बघा. टणत्कारानं मोडला तर झालं. वाकून मोडला तर सगळे पुन्हा १३० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. ही दुरुस्ती दुसऱ्या दिवशीही करता येते.

मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शन मोडवर असेल तर पंख्यामुळे उष्णता जोरात लागते, दोन्ही वेळा दहा-पंधरा अंश कमी घ्या आणि फिरत्या ताटलीवर मावेल असे आखूड लोफ करा. ओटीजी नसेल तर जाड कढईत दोन बोटं मीठ, त्यावर कडं, झाकण ठेवून पंधरा मिनिटं मध्यम आचेवर तापवा आणि निम्म्या प्रमाणाचा एकच लोफ पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं भाजा. वरून रंग येणार नाही, कारण वरून आच नाही. दुसरी भाजणी कढईत करू नका, झाकणाखाली वाफ कोंडते. जाड तव्यावर अगदी मंद आचेवर प्रत्येक बाजू सात-आठ मिनिटं शेका.

अंड्याशिवाय

अनेक घरांत अंडं चालत नाही. सरळ सांगायचं तर अंड्याशिवायच्या बिस्कोटीची चव छान, पण पोत वेगळा. अंडं पिठाला बांधून ठेवतं, ते काम दुसरं कुणी तितकं चांगलं करत नाही. प्रमाण असं: मैदा २५० ग्रॅम, साखर १४०, तूप ६०, पाणी निथळलेलं घट्ट दही ८०, मिल्क पावडर २ मोठे चमचे, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा आणि लागेल तसं २० ते ३० मिली दूध. आंबट दही नको. बदाम अख्खे न घालता उभे काप करून घाला आणि फळ ६० ग्रॅमवर आणा. पहिल्या भाजणीनंतर लोफ वीस मिनिटं बाहेर आणि मग अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून कापा, म्हणजे तूप आळून काप धरून राहतो. जाडी दीड सेंटीमीटरपेक्षा कमी नको, आणि दुसऱ्या भाजणीला पाच-सहा मिनिटं जास्त लागतात.

लोफ पसरला तर

पिठात ओलावा जास्त, तूप गरम किंवा ओटीजी पुरता तापलेला नव्हता. पुढच्या वेळी थापलेला लोफ वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग भाजा. बेकिंग पावडर वाढवल्यानंही लोफ आधी फुगतो आणि मग पसरून बसतो.

साठवण

काप पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. थोडीशी ऊबसुद्धा झाकणाखाली पाणी करते. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा काचेचा डबा घ्या. हिवाळ्यात इंदूरची हवा कोरडी असते, तेव्हा दोन-तीन आठवडे आरामात टिकते. जूनअखेर ते सप्टेंबर मात्र डबा उघडझाप करताना हवेतली ओल आत जाते, आणि शिवाय फळातला ओलावा आतल्या आत पिठात उतरत राहतो. पावसाळ्यात म्हणून फळ निम्मं करा, बदाम-चारोळी वाढवा आणि मोठ्या डब्याऐवजी दोन-तीन छोट्या बरण्यांत भरा. सादळलेले काप १४० अंशांवर आठ मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतात. फ्रिजमध्ये ठेवू नका. दिवाळीच्या फराळासाठी करायची तर आठवडाभर आधी करा. दोन-तीन दिवसांनी मसाला मुरून चव उलट जास्त चांगली लागते. चिवड्याच्या डब्याशेजारी उघडी ठेवू नये, लसणाचा वास तूप लगेच उचलतं.

खारी, जिरावनाची

गोड नको असणाऱ्यांसाठी याच कृतीत साखर २५ ग्रॅमवर आणा, तूप ५० ग्रॅम करा, गोड मसाले आणि फळं काढून जिरावन (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला) २ छोटे चमचे, भरड बडीशेप १ चमचा आणि साल काढलेले भाजके शेंगदाणे ८० ग्रॅम घाला. जिरावनात मीठ असतंच, म्हणून वेगळं मीठ फक्त चिमूटभर. साखर ओव्हनमध्ये विरघळून पीठ सैल करते. ती कमी केल्यामुळे इथे ३० ते ४० मिली दूध लागतं. कोथिंबीर, हिरवी मिरची असलं ओलं काही घालू नका. रंग उशिरा येतो, तेव्हा रंगाची वाट न बघता दाबून परीक्षा करा आणि दुसरी भाजणी प्रत्येक बाजूला पंधरा मिनिटं द्या. काप एक सेंटीमीटरचे केले तरी चालतात. वरून आणखी जिरावन भुरभुरायचं तर काप गरम असतानाच, तूप लावून. गार कापावर ते टिकत नाही, सगळं डब्याच्या तळाशी जमा होतं.